पापडासारखी बॅटरी

"तुमचा कुणाचा विश्वास बसायचा नाही," गालभर फेस घेऊन खुर्चीत बसलेले अण्णा म्हणाले, "पण आमच्या लेकीनं, शलाकानं, एक बॅटरी एका दुपारात हजारदा चार्ज केली आणि हजारदा उतरवली. ना तार, ना प्लग!"

"मग कशावर?" वस्तऱ्यात नवं पातं घालत सलूनवाल्या दिगूनं विचारलं.

"कॉम्प्युटरवर! आत लिथियम आणि गंधक, दोन्ही आकड्यांतलंच. खऱ्या बॅटरीत गंधक विरघळून भलतीकडे पळतं आणि बॅटरी मरते. ते कुठून पळतं, हे पोरीनं पडद्यावर पकडलं!"

बाकावरचे सगळे खो खो हसले. "म्हणजे इतकी वर्षं संशोधनाच्या नावाखाली पोरगी नुसती व्हिडिओ गेम खेळली म्हणा की!"

अण्णांना ते लागलं. जन्मभर त्यांच्या थापा गिळणाऱ्या या सलूनात आज पहिल्यांदा ते खरं बोलले, तर कुणी ऐकेना. मग डोळे बारीक करून त्यांनी ठेवणीतली थाप काढली. "परवा मी स्वतः ती हातात धरली. पापडासारखी हलकी!"

"थाप!" वस्तरा थांबवून दिगू ओरडला. "हातात कशी येईल, अण्णा? शलाकाताईची बॅटरी अजून कॉम्प्युटरातच चालतेय. गंधक पळायचं थांबलं, की मग बनणार ती!"