माहेरचं चर्च

आई गेली आणि नस्ताकाचं माहेर संपलं. त्यातच तिच्या माहेरच्या गावानं दगडी चर्च बांधलं आणि जुनं लाकडी चर्च आमच्या गावाला विकलं. त्यात एकही खिळा नव्हता, ओंडके खाचेत खाच घालून बसवलेले. खाचा सोडवल्या आणि अख्खं चर्च बैलगाड्यांवरून मारामुरेशचे डोंगर उतरून आलं. पण गाव्रिला सुतारानं ओंडक्यांवर खुणा कोरायच्या सोडून कोळशानं काढल्या होत्या. वाटेतल्या पावसात त्या धुऊन गेल्या आणि कुठला ओंडका कुठं बसवायचा, ते कुणालाच कळेना.

"हा गाठीचा ओंडका बायकांच्या बाजूचा, दाराच्या डावीकडचा," नस्ताका म्हणाली.

"सुतारकी कधी शिकलीस गं?" सासू फणकारली.

"शिकले नाही. लहानपणी प्रार्थना लांबली, की या गाठीवर बोट फिरवत उभी राहायचे."

गाव्रिलानं ओंडका तिथं लावून पाहिला. खाचेत खाच अशी बसली, जणू कधी सुटलीच नव्हती. मग तो प्रत्येक ओंडका तिला विचारूनच उचलू लागला.

पहिल्या रविवारी सासू आत शिरली आणि वर छताकडे बघतच राहिली. कुठं सुई शिरेल एवढीही फट नव्हती. मग तिनं हळूच विचारलं, "तुझी आई कुठं उभी राहायची?"

नस्ताकानं गाठीजवळची जागा दाखवली.

सासूनं डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि तिथं जाऊन उभी राहिली.