चार फुल्या

“हे यंत्र आहे की चेष्टा?”

तिने ऐकण्याच्या यंत्राची डबी काउंटरवर आपटली. काचेखाली मांडलेल्या चष्म्यांच्या फ्रेमसुद्धा थरथरल्या.

दुकानदार हसला. समोरच्याला टोपी घालून झाल्यावर जे नम्र हसू येतं, ते. “सवय व्हायला थोडा वेळ लागतो, ताई.”

“कशाची सवय? कानात दिवसभर मिक्सर चालू आहे त्यांच्या. भांडं पडलेलं ऐकू येतं, दार आपटलेलं ऐकू येतं. माणसाचं बोलणं तेवढं ऐकू येत नाही!”

शेजारी बाबा उभे होते. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. एवढ्या भांडणातही ते तिच्या बाहीवरचा सुटलेला धागा चिमटीत धरून तोडू बघत होते. कान गेल्यापासून त्यांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. “जाऊ दे गं,” ते म्हणाले. त्यांच्या मते हळूच. सगळ्या दुकानाने वळून पाहिलं.

जाऊ कसं द्यायचं? या टिचभर डबीसाठी बाबांनी शिलाई मशीन विकून टाकलं होतं, आणि तेही कुणाला न विचारता. काल ती कामावरून घरी आली तर खिडकीपाशी मशीनची जागा मोकळी, आणि बाबा कानाला हात लावून लहान मुलासारखे खुशीत बसलेले. “आता बोल काहीतरी,” म्हणाले. ती बोलली. त्यांनी पुन्हा बोलायला सांगितलं. ती पुन्हा बोलली. मग त्यांचा चेहरा जो पडला, तो तिला अजून दिसत होता.

“मला काही ऐकायचं नाही. परत घ्या हे.”

“एकदा कानात घातलेली वस्तू परत घेता येत नाही. खोक्याच्या मागे छापलंय तसं.”

छापलंय म्हणे! छापलेल्या मजकुराचं तिला कुणी सांगायला नको होतं. दिवसा ती एका कारखान्याच्या कचेरीत आवकजावक बघायची, पण सकाळी घर जागं होण्याआधी स्वयंपाकघरात बसून जाहिराती लिहायची. जोडधंदा नवाच होता. हौसेने कार्डंही छापून घेतली होती. आधी एक बेकरी मिळाली, मग एक पाळणाघर. मग एक मधला माणूस भेटला आणि काम भराभर वाढलं. तो एका ओळीत विषय पाठवायचा. वस्तूचं नाव मात्र कधी सांगायचा नाही. त्या जागी चार फुल्या टाकायच्या, नाव नंतर तो बसवायचा. केसगळती, गुडघेदुखी, झोप न येणं, असलं सगळं. अट एकच, वाचणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे. तिला ते छान जमायचं. बाबांना तिने एकदा सांगून पाहिलं होतं. पण ओरडून सांगावं असं ते काम नव्हतं, म्हणून राहून गेलं.

“म्हाताऱ्या माणसाला काय काय सांगून हे गळ्यात मारलंत?”

आता मात्र दुकानदाराचं हसू गेलं. “मी? मी म्हटलं, काका, आधी कान तपासून घ्या. विचारा त्यांना! ते कागद घेऊनच आले होते. हेच यंत्र द्या, दुसरं दाखवूही नका म्हणाले.”

“कसला कागद?”

“जाहिरातीचा. कुणा बाईने आपला अनुभव लिहिलाय त्यात.”

“अनुभव!” ती उसळली. “हे अनुभव कसे लिहितात ते मला नका सांगू. चहा पीत पीत लिहितात! मग इकडे कुणी आपलं मशीन विको नाहीतर घर विको, त्यांच्या बापाचं काय जातंय? आणा त्या बाईला माझ्यासमोर. लाज कशी वाटत नाही, एवढंच विचारायचंय मला!”

बाबांना शब्द ऐकू आले नाहीत, पण रोख कळला. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी काढली. मासिकातलं कात्रण होतं. कापड बेतावं तसं सरळ कापलेलं. त्यांनी ते उलगडून तिच्या हातात दिलं. रागाच्या भरातच ती वाचू लागली.

‘सुईत दोरा ओवताना बाबा शिट्टी वाजवायचे. कान गेले तशी शिट्टीही गेली. त्यांना स्वतःलाच ती ऐकू येईना, मग वाजवणार कुणासाठी? घरात कुणी हे बोललं नाही. मला रोज चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग आम्ही…’

पुढे यंत्राचं नाव होतं, ठळक अक्षरांत. बरोबर चार फुल्यांच्या जागी. बाकीचा एक शब्दही कुणी बदलला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीतून शिट्टी ऐकू आली आणि हातातलं काम टाकून मी धावले, असं शेवटी लिहिलं होतं. ते वाचायची तिला गरज नव्हती.

काउंटरवर ती डबी बारीक घोंघावत होती. दुकानदाराने हाताची घडी घातली.

“काय ताई, बोलावू का त्या बाईला?”

तिने कात्रण मुठीत आवळलं. बाबांना वाटलं, तिचा राग अजून उतरलेला नाही. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“त्या पोरीला काही बोलू नकोस गं,” ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “बापाची शिट्टी बंद झालेली जिच्या लक्षात आली, ती खोटं कशाला लिहील?”