काचेतलं ऊन

फेस शहराच्या बाजारातल्या जडीबुटीवाल्याने रंग बदलणारा सरडा माझ्यापुढे धरला. "न्या मास्तर, वहिनी खूश होतील. बायका याच्यावर नवऱ्याची पारख करतात. निखाऱ्यावर टाकायचा. फटकन फुटला तर नवरा बाहेरख्याली, नुसता वितळला तर सरळ."

मला त्या जिवाची दया आली. त्याला वाचवायचं म्हणून घरी आणलं आणि वेडच लागलं. काचेची पेटी केली, आत झाडं लावली, कोंदट हवेने तो आजारी पडू नये म्हणून वरखाली जाळी बसवली. राहिला फक्त उन्हासारखा उजेड देणारा दिवा. तो फेसमध्ये मिळेना, म्हणून तीन महिने दर शनिवारी कासाब्लांकाच्या चकरा मारल्या.

"एका दिव्यासाठी दर शनिवारी कासाब्लांका?" माझी बायको बतूल विचारायची.

"नाही गं, तुला सवत शोधतोय," मी हसून म्हणायचो. ती हसायची नाही.

काल दिवा मिळाला एकदाचा. खोकं छातीशी धरून धावतच घरी आलो, तर बतूलने दारातच मिठी मारली. किती दिवसांनी ती मनापासून हसत होती! तिच्या खांद्यावरून मला पेटी दिसली. झाडं ओली होती, जाळी उघडी होती आणि अंगणातल्या शेगडीतून धूर निघत होता.

"माफ करा हं मला, उगाच संशय घेतला तुमच्यावर," ती डोळे पुसत म्हणाली.



"फुटला नाही तो."