हात दिसला पाहिजे

कारागिरांची सरकारी कार्डं देणाऱ्या मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं आणि मुनवरचाचांची अत्तरदाणी चारी बाजूंनी फिरवून बघितली. सोळा पाकळ्यांचं चांदीचं कमळ. केसाएवढ्या दोन तारा एकमेकींत पिळायच्या, चपट्या करायच्या, चिमट्यानं त्यांची वेटोळी करून एकेक पाकळी भरायची, मग फुंकणीनं जाळ फुंकून जोड झाळायचे. चार महिने गेले होते त्या कमळात.

"चाचा, हे मशीनचं आहे," मॅडम म्हणाल्या.

मुनवरचाचा खुदकन हसले. सत्तरीचा माणूस, पण चक्क लाजले बिचारे. साठ वर्षं हेच ऐकायला तर डोळे फोडले होते! पाकळीवर पाकळी धरून उजेडाला लावली की भोकाला भोक मिळालं पाहिजे, ही त्यांच्या घरची रीत. नाही मिळालं तर पाकळी परत मुशीत.

"समदे असंच म्हणत्यात, बाई. वडलांची दुवा हाय."

"तसं नाही, चाचा. मशीनचा माल आम्हाला चालत नाही." मॅडमनी अत्तरदाणी हळूच पुढं सरकवली. बाई काही उर्मट नव्हती. गोड बोलत होती, म्हणून तर जास्त लागलं. "हाताचं काम म्हटलं की कुठंतरी कमीजास्त होतंच. इथं एक तार इकडची तिकडं नाही. हात दिसला पाहिजे ना?"

चाचांनी आपला हातच टेबलावर ठेवला. अंगठ्याचं नख चिमट्यानं झिजलेलं, बोटं जागोजाग भाजलेली. "ह्यो काय हात. चिमटा आणलाय, तार आणलीय. बसू का हितंच खाली? एक पाकळी भरून दावतो."

"प्रात्यक्षिक नंतर. आधी वस्तू पास व्हावी लागते. दुसरं काही असेल तर घेऊन या, पाचपर्यंत आहे मी."

कारागिराच्या कार्डाचं चाचांना काय लोणचं घालायचं होतं? पण त्यांच्या गावात, वाशीत, हे काम शिकवायला पोरींचा वर्ग निघणार होता. वीस पोरी, सहा महिने, आणि शिकवायला कार्डवालाच मास्तर पाहिजे. चाचांच्या तिन्ही पोरांनी कधी चिमटा हातात धरला नव्हता. विसातल्या एकीला जरी काम आलं, तरी ते सुखानं डोळे मिटणार होते. त्यासाठीच तर सकाळच्या पहिल्या एसटीनं धाराशिव गाठलं होतं.

बाहेर व्हरांड्यात पुतण्या आरिफ चहा पीत उभा होता. दोन वर्षं चाचांच्या हाताखाली बसला होता तो. 'तुझ्या हातात तार न्हाय बाबा, तू दुकान टाक,' म्हणून चाचांनीच त्याला उठवलं होतं. तुळजापुरात त्याचं दुकान बरं चाललं होतं. त्याची वाकडीतिकडी डबी सकाळीच पास झाली होती.

सगळं ऐकून तो म्हणाला, "त्यात काय एवढं? भाभीची कर्णफुलं आणलीत न्हवं? वाकवा एक पाकळी. तिला वाकडं लागतंय, तर वाकडं द्या."

"येडा झाला का तू?"

"मग मी घेऊ वर्ग? मला बी कार्ड हाय आता."

आरिफ चेष्टेनं बोलला, पण चाचांना ती चेष्टा वाटेना. हा पोरींना काय शिकवणार, कपाळ!

पिशवीतनं त्यांनी स्वतःच घडवलेली कर्णफुलं काढली. 'ही बी दावा, अब्बा,' म्हणून सुनेनं, निखतनं, सकाळी स्वतःच्या कानातनं उतरवून दिली होती. चाचांनी एका फुलाची पाकळी चिमट्यात धरली आणि वाकवली. वाकवली, अन् त्यांना कळायच्या आत अंगठ्यानं ती सरळही केली. परत वाकवली. परत सरळ. हात काही ऐकेना. शेवटी त्यांनी मान तिकडं रस्त्याकडं वळवली आणि न बघता चिमटा दाबला. आतलं वेटोळं सुटून वर आलं. असा राग आला त्यांना स्वतःचा, की तोंडातनं शिवीच गेली.

"आणिक दोन वाकवा," आरिफ म्हणाला. "एकच असली तर खाली पडून वाकली म्हणंल ती."

चाचांनी आणखी दोन वाकवल्या.

पावणेपाचला मॅडमनी पुन्हा भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघा! हे खरं काम! कसं जिवंत वाटतंय. हे दाखवायचं सोडून तुम्ही ते मशीनचं कशाला आणलंत?"

चाचांनी अत्तरदाणी पिशवीत आणखी खाली सारली.

"प्रात्यक्षिकाची गरजच नाही." मॅडमनी कागदावर शिक्का मारला. "वर्ग तुम्हीच घ्यायचा."

"जी," चाचा म्हणाले. त्यांनी कर्णफूल घ्यायला हात पुढं केला.

"हे राहू द्या." मॅडमनी ते वाकडं फूल कौतुकानं पाकिटात घातलं आणि वर 'नमुना' असं लिहिलं. "वर्गात समोरच लावू. पोरींना अगदी असंच यायला पाहिजे, चाचा."