अर्धा सेकंद

फिलिपाइन्समधल्या सेबूच्या गोदीतल्या क्रेनच्या जुन्या कॅमेऱ्याची वायर मी चित्र डिजिटल करणाऱ्या नव्या एन्कोडरमध्ये जोडली. आता त्यातूनच चित्र केबिनमध्ये आणि ऑफिसातही जाणार होतं. क्रेनचालक मनोंग, म्हणजे दादा, एलमोंना हुकाखालचं सगळं फक्त केबिनमधल्या पडद्यावर दिसायचं. त्यांनी पडद्याकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"चित्र उशिरा येतंय."

"अर्धाच सेकंद, मनोंग. तेवढ्यानं काय बिघडतंय?"

"हुकाखाली रोज माझा जावई असतो. आज तू उभा राहा, इंजिनीअर."

मी खाली जाऊन उभा राहिलो. हूक उतरू लागला. तो डोक्याच्या हातभर वर असताना मी थांबायची खूण केली. तो येतच राहिला आणि हेल्मेटला टेकून थांबला.

वॉकीटॉकीत मनोंगांचा आवाज आला, "आत्ता दिसला तुझा हात."