कोंडूमामांचा अंगठा

"मामा, हात!" धम्मदिना ओरडली, तसा कोंडूमामांनी टबाकडे निघालेला हात झटकन मागे घेतला. सवयच ती, जाते थोडीच!

नारपोलीच्या या डाईंग कारखान्यात कापड आधी कॉस्टिक सोड्यात उकळतं, मग धुतलं जातं. सोडा पुरता निघायच्या आत रंग घातला, तर अख्ख्या ताग्यावर धब्बे. मामा पाण्यात बोटं चोळून सांगायचे: गुळगुळीत लागलं, सोडा हाय; करकरलं, घाला रंग. अठ्ठावीस वर्षांत एकदा चुकले नाहीत. पण त्या सोड्यानं बोटांवरच्या रेघाच खाल्ल्या. रेशन दुकानातल्या मशीननं तीनदा अंगठा घेतला नाही. महिनाअखेरपर्यंत ठसा उठला नाही तर कार्डावरून नाव कापणार. माणूस समोर धडधाकट उभा, आणि म्हणे नाव कापणार!

"तीन आठवडे बोटं सोड्यात घालू नका, रेघा परत येतील," नवी केमिस्ट धम्मदिना म्हणाली होती. बोटांऐवजी बुडवायला पीएचच्या पट्ट्या दिल्या होत्या. पट्टी हिरवी झाली की सात, म्हणजे सोडाही नाही नि ॲसिडही नाही.

आज अठरावा दिवस, आणि पट्ट्यांची डबी रिकामी.

"अरे कोंडू, उंगली डाल ना यार! माल रुका है," डाईंग मास्टर तणतणला.

मामांनी बोटांकडे पाहिलं. एकदाच बुडवलं तर काय होईल? मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी जेवणाचा डबा उघडला. बटाट्याच्या पिवळ्याधमक रश्शात कापडाची पांढरी चिंधी बुडवली, पिळली आणि पळीनं टबातलं पाणी तिच्यावर सोडलं. चिंधी लालभडक!

"सोडा हाय अजून," मामा म्हणाले. "घरी आमची राहीबाई हळदीच्या डागाला साबण लावते, तवा असाच लाल होतो. साबण नि सोडा, भाऊभाऊच ना!"

धम्मदिनानं कपाळाला हात लावला. "अहो मामा, हे मी शाळेत शिकले होते. नि साफ विसरले!"

कापडाला आणखी एक पाणी दिलं. दुसरी चिंधी पिवळीच राहिली.

"डालो कलर," मामांनी थाटात हुकूम सोडला. मास्टर रंग आणायला गेला.

मामांनी अंगठा रश्शात टेकवला, जास्तीचा पुसला आणि धम्मदिनाच्या वहीच्या कोऱ्या पानावर हलकेच दाबला.

"बघ गं पोरी. कार्डावरच्या नावापुरत्या रेघा झाल्यात का?"

वही ट्यूबलाईटखाली धरून ती पेनाच्या टोकानं मोजू लागली. मामा तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"नऊ," ती म्हणाली. "थांबा, अजून आहेत."