नाकाचे चहा

"चार चहा द्या. दूध नको, साखर नको," ती वेटरला म्हणाली. "काळा, हिरवा, जाईच्या फुलांचा आणि धुरावर सुकवलेला. लिंबाचा नको, तो जिभेलाच कळतो. मला नाकाचे चहा हवेत."

वेटरने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा शिंपी, बायका बोलत असताना गप्प राहायची सवय धंद्यानेच लागलेली. तो टेबलाकडे बघत राहिला.

तिचं काम चहा चाखायचं. कारखान्यात रांगेने मांडलेल्या पेल्यांतून चमचा चमचा ओढायचा आणि कुठला माल कसा ते सांगायचं. एकोणीस वर्षं तिथे तिचा शब्द शेवटचा होता. दीड महिन्यापूर्वी ताप आला, तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. उद्या सकाळी साहेब तिला पुन्हा पेल्यांसमोर उभं करणार होते. ओळखता आलं तर चाखायचं टेबल तिचं, नाहीतर पुडे बांधायच्या खात्यात बदली.

गेला महिनाभर शिंपी रोज सकाळी ओट्यावर पेले मांडत होता. ती डोळे मिटून चाखायची, नाव सांगायची आणि तो म्हणायचा, "बरोबर."

"आज सकाळी मी डोळे किलकिले ठेवले होते," वेटर आत गेल्यावर ती म्हणाली. "तुम्ही हिरव्याचा डबा उघडलात. मी मुद्दाम काळा म्हणाले. तुम्ही काय म्हणालात?"

शिंप्याचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, तुझा धीर सुटू नये म्हणून..."

"बाही आखूड झाली तर गिऱ्हाइकाला 'छान बसलीय' म्हणता?"

"नाही."

"मग मीच काय घोडं मारलंय तुमचं?"

चहा आले. तिने हात पुढे केला. "अस्तराचा तुकडा असेल खिशात. द्या."

तुकडा होता, शिंप्याच्या खिशात दुसरं काय असणार! तिने तो डोळ्यांवर घट्ट बांधला. "दादा, हवा तो पेला द्या. एकच दोनदा दिलात तरी चालेल. चुकले तर तोंडावर चूक म्हणा, भीड ठेवू नका."

"माझं काय जातंय, ताई," वेटर म्हणाला.

तिने चमचा ओठांशी नेला आणि फुर्रकन ओढला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. चारचौघांत असा आवाज करू नको, हे शिंपी लग्न झाल्यापासून सांगत आला होता. आज त्याला वाटलं, ओढ बाई, छत हादरेपर्यंत ओढ.

"हिरवा."

"चूक. काळा होता."

"हं. पुढचा."

फुर्र. "फुलांचा?"

"चूक. हिरवा."

शिंप्याने मान खाली घातली. तिची मान मात्र आणखी ताठ झाली. तिसरा घोट तिने दोनदा ओढला, मग तिसऱ्यांदा.

"धूर," ती हळूच म्हणाली. "लांब कुठेतरी. पण धूरच."

"बरोबर."

"खरंच?"

"मी कशाला खोटं बोलू? तुम्ही माझ्या कोण?"

तिने टेबलाची कड धरली. पट्टीखाली तिचे ओठ हलत होते, हसू आणि रडू एकाच वेळी आल्यासारखे. शिंप्याने महिनाभर 'बरोबर'ची खैरात केली होती. त्यातल्या एकानेही हे झालं नव्हतं. त्याला आनंद झाला आणि लाजही वाटली.

तेवढ्यात वेटरला दुसऱ्या टेबलावरून हाक आली.

"आता तुम्ही द्या," ती म्हणाली.

त्याने जाईचा पेला तिच्यापुढे सरकवला. तो इतका दरवळत होता की त्याला बसल्या जागी वास येत होता. तिने ओढला. थांबली. पुन्हा ओढला. कपाळावर आठी उमटली.

"काळा."

ती त्याच्याकडे तोंड करून थांबली. सवयीने 'बरोबर' त्याच्या जिभेवर आलंच होतं. पण उद्या कारखान्यातल्या टेबलापाशी तो नसणार होता. महागाच्या कापडाला पहिली कात्री लावताना घ्यायचा तसा त्याने श्वास घेतला.

"चूक," तो म्हणाला. आवाज फाटला, पण शब्द पूर्ण आला.

"आता कसं!" ती म्हणाली. तिने पट्टीची गाठ चाचपली, आणखी आवळली. "काय होता ते सांगू नका. पेला तोच राहू द्या."

आणि तिने चमचा पुन्हा बुडवला.